जुन्या गाडीचं क्राउन-पिनियन बदलायचंय? आधी हे वाचा

ॲम्बॅसेडर, पद्मिनी, कॉन्टेसा किंवा जुनी जीप हौसेने सांभाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते: गाडी उठत नाही. चार माणसं बसली की साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागतं. मागच्या ॲक्सलमधले गिअर, म्हणजे छोटा पिनियन आणि त्याच्यावर फिरणारा मोठा क्राउन, बदलले तर यात खरोखर फरक पडतो, पण त्याचा मोबदला दुसरीकडे द्यावा लागतो.

पिनियनला १० आणि क्राउनला ३९ दात असतील तर रेशो ३.९. म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे (प्रोपेलर शाफ्टचे) ३.९ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. त्या जागी ९ आणि ४१ दातांची जोडी बसवली तर रेशो ४.५६ होतो. इंजिनाची ताकद आहे तेवढीच राहते, पण प्रत्येक गिअरमध्ये चाकापर्यंत पोहोचणारा जोर साधारण १७ टक्क्यांनी वाढतो. साताऱ्यात पोवई नाक्यावरून निघतानाच ते पायाला कळतं.

आता दुसरी बाजू. टायरचा घेर १.९५ मीटर आणि टॉप गिअर थेट (इंजिनाचा एक फेरा, शाफ्टचा एक फेरा) असेल, तर ताशी ८० किलोमीटरला ३.९ वर इंजिन मिनिटाला सुमारे २,६७० फेरे घेतं, ४.५६ वर तेच ३,१२० च्या घरात जातं. आवाज वाढतो, पेट्रोल जास्त लागतं. म्हणून दर आठवड्याला हायवेने पुण्याला जाणाऱ्यांना आम्ही गॅरेजवाले हे काम करू नका असंच सांगतो. कास, ठोसेघर, महाबळेश्वर असं घाटातलं फिरणं जास्त असेल तर जरूर करा.

पण त्याआधी कॉम्प्रेशन, टायमिंग, कार्बोरेटर आणि क्लच तपासून घ्या. ब्रेक धरून राहत नाहीत ना, तेही बघा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो आणि ॲक्सल उघडायची वेळच येत नाही.

काम कसं होतं

क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यामुळे एक भंगारातून आणि दुसरा दुकानातून, असं चालत नाही. दोन्हींवर कोरलेला जोडीचा नंबर जुळलाच पाहिजे. बेअरिंग आणि ऑइल सील आम्ही नवीनच घालतो.

खरं कसब बसवण्यात आहे. पिनियन किती आत बसतो हे शिमच्या, म्हणजे खाली घालायच्या पातळ चकतीच्या, जाडीवर ठरतं. दातांना निळा रंग लावून क्राउन फिरवला की दात कुठे टेकतो त्याचा ठसा उमटतो. तो दाताच्या मध्यावर हवा. अगदी टोकाला किंवा मुळाशी गेला तर सगळं पुन्हा उघडून शिम बदलायची. मग दोन दातांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, डायल गेजने क्राउनच्या तीन-चार ठिकाणी मोजायची. ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांच्या आसपास असते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. हाताच्या अंदाजाने बसवलेलं डिफरन्शियल (ॲक्सलमधला हा सगळा गिअरसंच) थोड्याच दिवसांत घोंघावू लागतं, आणि एकदा दात खराब झाले की जोडी गेली. म्हणूनच आम्ही ‘संध्याकाळपर्यंत देतो’ असं कबूल करत नाही.

जीपवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. विलीज एमबीचा रेशो ४.८८ आणि सीजे-३बीचा ५.३८. फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा रेशो सारखाच लागतो. एकच ॲक्सल बदलून डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकलं तर ताण साचून काहीतरी तुटणारच. म्हणजे खर्च दुप्पट, हे धरूनच या.

स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्समधून निघत असेल तर काटा खोटं सांगू लागतो: वरच्या उदाहरणात तो ८० दाखवेल तेव्हा गाडी ६८-६९ वर असेल. स्पीडोमीटरचा छोटा गिअर बदलून हे दुरुस्त करता येतं, ते याच कामात उरकून घ्या.

गाडी नेल्यावर पहिल्यांदा २०-२५ किलोमीटर शांतपणे चालवा आणि ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ५०० किलोमीटर भार नको, घाट नको. त्यानंतर ऑइल बदलायला आणा. हायपॉइड गिअरना (या क्राउन-पिनियनसारख्या, दात घासत फिरणाऱ्या गिअरना) ईपी ९० हे गिअर ऑइल लागतं. साधं ऑइल ओतू नका. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर आवाज येऊ लागला तर वाट न पाहता गाडी दाखवा.

काढलेली जुनी जोडी आम्ही तुम्हाला परत देतो. ती ग्रीस लावून, कागदात गुंडाळून एकत्रच ठेवा. पुढे गाडी मूळ रूपात आणायची झाली तर तीच लागेल.