आवाज येतो, शब्द कळत नाही

ज्येष्ठांसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या मोबाइलच्या जाहिरातीत दोन गोष्टी हमखास असतात: मोठी बटणे आणि मोठा आवाज. बटणांबद्दल तक्रार नाही. मोठ्या आवाजामागे मात्र एक गैरसमज आहे, तो असा की वयाबरोबर ऐकणे सरसकट कमी होते आणि तेवढाच आवाज वाढवला की भागते. परगावच्या मुलीला फोनवर आई आधी म्हणते, ‘जरा मोठ्याने बोल’, आणि तिने आवाज चढवताच म्हणते, ‘अगं, ओरडतेस कशाला?’ घरात याला हट्टीपणा समजतात. वास्तविक दोन्ही तक्रारी खऱ्या असतात.

आंतरकर्णातील कर्णावर्त ही शंखासारखे सुमारे अडीच वेढे घेतलेली नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरते. तिच्या तोंडाशी उच्च वारंवारतेचे आवाज नोंदले जातात, आतल्या टोकाशी खर्जातले. तेथील केसपेशींच्या, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशींच्या, दोन जातींपैकी आतल्या, सुमारे ३,५०० पेशी मेंदूकडे संदेश धाडतात. बाहेरच्या सुमारे १२,००० पेशींचे काम मात्र विलक्षण आहे. आवाज आला की त्या त्याच्याच तालावर आखडतात, लांबतात आणि कंपनाला जोर देतात. हा जोर क्षीण आवाजाला भरपूर मिळतो, मोठ्याला जवळजवळ नाही. त्यामुळे या पेशी गेल्या की क्षीण आवाज लोपतात, पण मोठे आवाज जवळपास पूर्वीइतकेच मोठे लागतात, आणि ‘ऐकू येत नाही’ व ‘कानठळ्या बसतात’ यांमधली जागा अरुंद होत जाते. म्हातारपणी हा ऱ्हास बहुधा तोंडाकडून, म्हणजे उच्च वारंवारतेपासून सुरू होतो. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत, तेव्हा कानात घालायच्या चमत्कारी तेलांवरचा खर्च वाचवायला हरकत नाही.

बोलण्यात ‘आ’, ‘ओ’ हे स्वर जोरकस आणि खालच्या वारंवारतेचे असतात, तर ‘स’ क्षीण असून त्याची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. पारंपरिक दूरध्वनी ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा वाहून नेतो. म्हणजे ‘स’ आधी फोन गाळतो आणि उरलासुरला कान. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरतो, आणि सांगणारा जर रक्तातली साखर सांगत असेल तर हा फरक किरकोळ नव्हे.

यावर आवाजाचे बटण हा उपाय नाही. ‘एचडी व्हॉइस’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत सुमारे ५० ते ७,००० हर्ट्‌झ पोहोचवते, मात्र दोन्ही फोन आणि मधली सगळी यंत्रणा तशी असावी लागते. शिवाय क्षीण आवाज उचलून धरणे आणि मोठ्याला आवर घालणे, तेही प्रत्येक पट्ट्यात वेगवेगळ्या प्रमाणात, हे काम चांगली श्रवणयंत्रे करतातच. ज्येष्ठांच्या फोनमध्ये त्याला बटणांच्या आकाराआधी स्थान हवे.

व्हिडिओ कॉलचा उपयोगही निव्वळ चेहरा दिसण्यापुरता नाही. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवले की ‘बा’ हा आवाज ‘गा’ म्हणणाऱ्या ओठांवर बसवला तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येते. आपण सगळेच थोडेफार डोळ्यांनी ऐकतो. मात्र त्यासाठी ओठ दिसायला हवेत, आणि खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मुलीचा चेहरा आईच्या पडद्यावर काळाच दिसतो.