रेरा नंबर म्हणजे सरकारी हमी नव्हे

'रेरा नंबर आहे म्हणजे सरकारनं सगळं तपासलंय, डोळे झाकून बुक करा.' पुण्यात वाकड, बाणेर, खराडीत टॉवर उभे राहताहेत, तसा हा मेसेज फिरतोय. तसं वाटणं साहजिकच आहे, कारण होर्डिंगवर नंबर असतो ठळक.

रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. 2016 च्या या कायद्यानं भूखंड 500 चौरस मीटरहून मोठा आणि सदनिका आठाहून जास्त असतील, तर त्या प्रकल्पात नोंदणीशिवाय विक्री करता येत नाही. पण नोंदणीसाठी माहिती बिल्डर स्वतःच प्रतिज्ञापत्रावर देतो. ती बरोबर आहे, इमारत वेळेत होईल, याची हमी नोंदणीत नसते. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, हे बंधन मात्र आहे, आणि ते चांगलंच आहे.

नंबर रेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. मजले आधी मोजा. ब्रोशरमध्ये तीस मजले आणि मंजूर नकाशात बावीस असतील, तर वरचे आठ अजून कागदावरही नाहीत. आणि सेल्समन तुम्हाला नेमका सव्विसावा दाखवत असतो! बांधकाम परवाना कितव्या मजल्यापर्यंत आहे, ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेली, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, तेही तिथेच पाहा. टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, मात्र आपल्या वकिलाकडून तपासून घ्या. पाणी टँकरचं की नळाचं, हे शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा.

नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही.