दूध कोणत्या दिवशी मोजलं?

अल्पभूधारक पशुपालकांसाठीच्या प्रकल्पांचे अहवाल वाचायला घेतले की पहिल्या पानांवर हमखास सापडतात ते वाटपाचे आकडे. इतक्या गायी दिल्या, इतक्या शेळ्या दिल्या, इतक्या जनावरांना लस टोचली, इतकी प्रशिक्षण शिबिरं घेतली. बहुतेक वेळा हे आकडे खरेच असतात. पण त्यातून कळतं ते प्रकल्पवाल्यांनी काय केलं एवढंच. गाय दारात आल्यावर त्या घरात पुढे काय झालं, आणि जे झालं ते गायीमुळेच झालं का, हा प्रश्न वेगळा आहे. प्रकल्पाचं मूल्यमापन म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधणं. पशुपालनात ते पिकाच्या शेतीपेक्षा अवघड जातं, कारण जनावराचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते प्रकल्पाच्या मुदतीशी जुळत नाही.

साधं दूधच घ्या. गाय व्याल्यावर दूध वाढत जातं, साधारण सहा ते आठ आठवड्यांत सर्वात जास्त होतं आणि मग हळूहळू उतरत जातं. पुढच्या वेताच्या दोनेक महिने आधी तिला आटवतात. म्हणजे एकच गाय, तोच गोठा, तोच चारा, तरी मार्चमध्ये विचारलं तर एक उत्तर आणि ऑक्टोबरमध्ये विचारलं तर दुसरं.

आता समजा एका प्रकल्पाने शंभर घरांना एकाच महिन्यात गाभण गायी दिल्या. त्या मागेपुढे एकाच सुमाराला व्यायल्या आणि नेमकी त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पाहणी करणारी माणसं आली. शंभरही घरांत दुधाची चंगळ! तीच माणसं आठ महिने उशिरा आली असती तर निम्मे गोठे आटत आलेले दिसले असते. दोन्ही वेळा मोजणारा प्रामाणिकच आहे. म्हणून जाणकार पाहणीत ‘काल किती दूध दिलं’ एवढ्यावर थांबत नाहीत. गाय कधी व्याली, कितवं वेत, आता गाभण आहे का, हेही विचारतात आणि त्यावरून पूर्ण वेताचा अंदाज बांधतात. दुग्धशास्त्रात त्यासाठी 305 दिवसांचं वेत हे प्रमाण मानलेलं आहे. कालची धार शेतकऱ्याला नीट आठवते, वर्षभराची बेरीज आठवत नाही. तेव्हा विचारायचं कालचंच, पण त्याला वेताच्या दिवसांची जोड द्यायची.

जनावराची जात बदलली की घड्याळही बदलतं. शेळी पाच महिन्यांत विते, गायीला नऊ महिन्यांहून थोडे जास्त लागतात, म्हशीला दहाच्या वर. लहान कालवड दिली असेल तर ती पहिल्यांदा विण्यातच दोन-तीन वर्षं जातात. प्रकल्पाची मुदत मात्र बहुधा तीन वर्षांची. साहजिकच तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शेळ्यांचा प्रकल्प कालवडींच्या प्रकल्पापेक्षा सरस ठरतो, कारण शेळ्यांची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात आणि कालवड जेमतेम धारेला आलेली असते. यावरून शेळी फायद्याची आणि गाय तोट्याची, असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत.

वर्ष कोणतं निवडलं, यावरून अर्थशास्त्रज्ञांमध्ये एक छान वाद झाला आहे. 2013 साली संतोष अनागोल, आल्विन एटांग आणि डीन कार्लन यांनी उत्तर प्रदेशातल्या दोन जिल्ह्यांतल्या गायी-म्हशींचा हिशेब मांडला. घरच्यांच्या कष्टाला बाजारातल्या मजुरीचा दर लावला, तर गायीवरचा सरासरी परतावा उणे 64 टक्के आणि म्हशीवरचा उणे 39 टक्के निघाला. कष्टाची किंमत शून्य धरली तरी गाय उणे 6 टक्क्यांवरच, म्हैस मात्र अधिक 13 टक्क्यांवर. मग माणसं जनावरं पाळतात तरी कशाला? धर्म, संस्कृती, सवय अशी उत्तरं लगेच पुढे आली.

त्यावर ओराझिओ अतानासिओ आणि ब्रिटा आउग्सबुर्ग यांनी साधा आक्षेप घेतला: हा हिशेब एकाच वर्षाचा आहे. त्यांनी आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्याची तीन वर्षांची आकडेवारी काढली. दुष्काळाच्या वर्षांत परतावा उत्तर प्रदेशासारखाच पडलेला होता. उरलेल्या एका वर्षात मात्र तो खूप चांगला होता. चारा मुबलक तर वैरण स्वस्त आणि दूधही जास्त. चारा नाही तर दोन्ही उलट. शेअर बाजारातल्या एखाद्या कंपनीला एका वाईट वर्षावरून कोणी कायमची निकालात काढत नाही, मग गायीला का काढावं?

माझ्या मते मात्र कष्टाचा मुद्दा या आक्षेपाने सुटत नाही. चारा आणणं, पाणी पाजणं, शेणगोठा, धार काढणं ही कामं बहुतेक घरांत कोणाच्या वाट्याला येतात हे सांगायला नको. प्रकल्पाने चराईऐवजी गोठ्यात बांधून पोसायची पद्धत आणली की जनावर चालत जाऊन खात होतं तो चारा आता कोणाच्या तरी डोक्यावरून घरी येतो. उत्पन्न वाढलं हे खरं, पण रोजचे दोन तास वाढले आणि डेअरीचा हिशेब नवऱ्याच्या खात्यावर जमा झाला, तर ‘कुटुंबाला फायदा’ या दोन शब्दांखाली बरंच काही झाकलं जातं. घरातल्या बाईला वेगळं बसवून, वेगळं विचारून हे काढावं लागतं. ज्या अहवालात घरामागे एकच माणूस उत्तरं देतो, त्यातले उत्पन्नाचे आकडे मी जपून वाचतो.

आता दुसरी अडचण. प्रकल्प नसता तर काय झालं असतं? आधीचं आणि नंतरचं मोजून वजाबाकी केली की काम झालं, असं वाटतं खरं. पण मदतीसाठी घरं निवडली जातात ती बहुधा हलाखीच्या काळात, म्हणजे दुष्काळ किंवा साथ नुकतीच होऊन गेल्यावर. पुढचा पाऊस बरा झाला तर त्यातली कितीतरी घरं आपापलीच सावरतात. त्या सावरण्याचं श्रेय वजाबाकीत आपसूक प्रकल्पाच्या खात्यात जातं. म्हणून तुलनेला प्रकल्प न मिळालेली, पण इतर बाबतीत तशीच घरं लागतात. ती शेजारचीच घेऊन चालत नाही. गावातल्या निम्म्या शेळ्यांना पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस दिली तर रोगाचा फैलाव मंदावतो आणि लस न घेतलेल्यांच्या शेळ्याही काही प्रमाणात वाचतात. मग दोघांत फरकच कमी दिसतो आणि चांगली लस कुचकामी ठरते. उलट, एकाच गावात भरमसाट दुभत्या गायी आल्या आणि दूध घेणारा एकच असेल, तर भाव पडून ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांचंही नुकसान होतं.

यावरचा उपाय म्हणजे तुलना घराघरांत न करता गावागावांत करायची. ब्रॅक या संस्थेच्या बांगलादेशातल्या कार्यक्रमाची तपासणी अशीच झाली. अतिगरीब बायकांना जनावरं, मुख्यतः गायी, आणि सोबत प्रशिक्षण दिलं गेलं. कोणत्या भागात आधी आणि कोणत्या भागात नंतर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. उशिरा येणारे भाग तोवर तुलनेला उपयोगी पडले. 1,309 गावांतल्या घरांकडे संशोधक वर्षानुवर्षं परत जात राहिले. चार वर्षांनी लाभार्थी बायकांची कमाई तुलनेतल्या बायकांपेक्षा 21 टक्क्यांनी जास्त निघाली. शेतमजुरी आणि घरकाम यांची जागा स्वतःच्या जनावरांनी घेतली होती.

हाच साचा पुढे इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत तपासला गेला आणि 2015 मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. एकूण सूर आशादायक होता. जनावर दिल्यानंतर तीन वर्षांनीही बहुतेक ठिकाणी फरक टिकून होता. होंडुरास अपवाद. तिथे बहुतेकांनी कोंबड्या निवडल्या होत्या आणि त्यातल्या पुष्कळशा रोगाने मेल्या. सहा देशांची सरासरी काढून थांबलं असतं तर हे हाती लागलं नसतं.

जनावरांची संख्या मोजणं हेही वाटतं तितकं सरळ नाही. गायी, शेळ्या, कोंबड्या एकत्र कशा मोजायच्या? त्यासाठी ‘उष्णकटिबंधीय पशुधन एकक’ वापरतात. 250 किलो वजनाचं जनावर म्हणजे एक एकक. गाय साधारण 0.7, शेळी किंवा मेंढी 0.1, कोंबडी 0.01. सात शेळ्या विकून कोणी एक गाय घेतली तर कागदावर बदल शून्य, पण त्या घराच्या दृष्टीने ती मोठी उडी असू शकते. आणि आजारपणात दोन शेळ्या विकल्या तर आकडा घटतो, म्हणजे कागदोपत्री अपयश. खरं तर शेळी पाळण्यामागे अडीनडीला विकता यावी हाही एक हेतू असतोच. ती विकली गेल्यामुळे कर्ज टळलं का, हे विचारल्याशिवाय त्या घटीचा अर्थ लागत नाही.

अशा ठिकाणी एक जुनी, बिनखर्चाची रीत कामी येते. जमिनीवर काही वर्तुळं काढायची: दूध, विक्री, शेण, नांगरट, अडचणीला आधार. माणसाच्या हाती 100 दाणे किंवा खडे द्यायचे आणि सांगायचं की जनावराचा ज्या गोष्टीसाठी जितका उपयोग, तितके दाणे तिथे ठेवा. लोक आधी भराभर ठेवतात, मग थांबतात, दुधातले चार उचलून अडचणीच्या वर्तुळात टाकतात. ते का हलवले, हे तेव्हाच विचारायचं. खरी माहिती बऱ्याचदा त्या उत्तरात असते. प्रकल्पाआधी आणि नंतर तोच खेळ मांडला की उत्पन्नाच्या रकान्यात न मावणारे बदल दिसू लागतात. आफ्रिकेतल्या पशुपालकांमध्ये ही पद्धत भरपूर वापरली गेली आहे. चिठ्ठ्यांनी गावं निवडणाऱ्या मोठ्या अभ्यासांची जागा ती घेऊ शकत नाही, पण त्या अभ्यासात नेमकं काय मोजायचं हे ठरवायला तिच्याइतकं उपयोगी काही नाही.

बांगलादेशातल्या त्या घरांचा माग संशोधकांनी तब्बल 11 वर्षं काढला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असं दिसलं की साधारण सारखंच जनावर मिळूनही घरांच्या दोन वाटा झाल्या होत्या. आधीचं किडूकमिडूक आणि मिळालेलं जनावर मिळून ज्यांची मत्ता एका उंबरठ्याच्या वर गेली ती घरं पुढे वाढत राहिली. जी जेमतेम खाली राहिली ती हळूहळू पुन्हा मूळपदावर घसरली. म्हणजे ठरावीक पैशांत जास्त घरांना थोडं थोडं द्यायचं की कमी घरांना उंबरठा ओलांडेल इतकं द्यायचं, हा प्रश्न निव्वळ सरासरी वाढीचा आकडा पाहून सुटत नाही. त्यासाठी वर गेलेली आणि खाली आलेली घरं वेगवेगळी मोजावी लागतात, तीही प्रकल्पाचं कार्यालय बंद झाल्यानंतर.