बुरशीला मुळांच्या आत घ्यायचे की नाही, हे कोण ठरवते?

कृषी सेवा केंद्रांत मायकोरायझाच्या भुकटीचे पुडे आता सर्रास मिळतात आणि ‘सर्व पिकांसाठी उपयुक्त’ असा दावाही बिनदिक्कत केला जातो. मायकोरायझाची बुरशी मुळात शिरते, मातीतले स्फुरद (फॉस्फरस) पिकाला आणून देते आणि मोबदल्यात त्याच्याकडून अन्न घेते, इथपर्यंतची माहिती खरी आहे. जमिनीवरील सुमारे ७० ते ८० टक्के वनस्पती-जाती अशी भागीदारी करतात. स्कॉटलंडमधील राइनी येथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा आहेत. मात्र बुरशीला आत घ्यायचे की नाही, हे बव्हंशी वनस्पतीची जनुके ठरवतात आणि जाहिरातीत नेमके तेच राहून जाते.

स्फुरदाची टंचाई भासू लागली की मुळे स्ट्रिगोलॅक्टोन या गटातील संयुगे मातीत सोडतात. त्यांच्या अत्यल्प अंशानेही बुरशीच्या तंतूंना भराभर फाटे फुटतात, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. (ज्वारीच्या मुळांवर पोसणाऱ्या टारफुल्याचे बीही याच संयुगांच्या सुगाव्याने रुजते, बुरशीला धाडलेले निमंत्रण तो चोरून वाचतो.) उत्तरादाखल बुरशीही कायटिनच्या (बुरशीच्या पेशीभित्तीतील घटकाच्या) जातीचे काही आखूड साखळ्यांचे रेणू सोडते आणि मुळाच्या बाहेरील पेशींवरची ग्राहक प्रथिने ते टिपतात.

यानंतर जे घडते ते मला या साऱ्या प्रक्रियेतले सर्वांत विलक्षण वाटते. पेशीच्या केंद्रकाभोवती दुहेरी आवरण असते आणि त्याच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा असतो. संदेश पोहोचताच आवरणातील मार्गिका उघडून कॅल्शियम केंद्रकात येते, पंप ते लगेच परत ओढून घेतात, पुन्हा मार्गिका उघडतात, आणि केंद्रकातील कॅल्शियमची पातळी अशी लयीत वर-खाली होत राहते. हे हेलकावे ‘वाचण्या’साठी सीसीएएमके नावाचे प्रथिन असते. ते सायक्लॉप्स या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडून कामाला लावते, आणि मग रॅम१सारखी नियंत्रक जनुके जागी होऊन पुढच्या अनेक जनुकांची अभिव्यक्ती सुरू करतात. सीसीएएमके कायमचे चालू राहील असा बदल केलेल्या शेंगवर्गीय झाडांना जिवाणूंशिवायच मुळांवर गाठी येतात, कारण गाठींत राहून नत्र पुरवणाऱ्या रायझोबियम जिवाणूंसाठीही हीच यंत्रणा वापरली जाते. १९८९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना याचा सुगावा लागला होता: मुळांवर गाठी न धरणाऱ्या वाटाण्याच्या काही उत्परिवर्तित वाणांत मायकोरायझाही तयार होत नव्हता.

मुळाच्या आतील पेशीत बुरशी इवल्या झुडपासारखी फांद्या फोडते. या रचनेला अर्बस्क्यूल म्हणतात. तिच्याभोवती वनस्पती स्वतःचे नवे पटल विणते आणि त्यात पीटी४ हे स्फुरद-वाहक प्रथिन बसवते. लसूणघासाची नातलग असलेल्या मेडिकागो ट्रंकाट्युला या वनस्पतीत ते २००२ मध्ये सापडले. त्याचे जनुक चालू होते ते अर्बस्क्यूल असलेल्या पेशींतच. ते निकामी केले तर स्फुरद येत नाही आणि अर्बस्क्यूल अकाली नष्ट होते. बुरशी फुकट पोसली जाऊ नये, अशीच ही व्यवस्था दिसते. पोसायचे म्हणजे केवळ साखर द्यायची असेही नाही: या बुरशीकडे मेदाम्ले अगदी सुरुवातीपासून तयार करणारी नेहमीची जनुके नाहीत, त्यामुळे मेद वनस्पतीलाच पुरवावा लागतो, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले.

आता पुन्हा त्या पुड्याकडे वळू. चिनी संशोधकांनी २०२१ मध्ये भातात दाखवले की मायकोरायझाच्या अनेक जनुकांची सूत्रे पीएचआर गटातील प्रथिनांच्या हाती असतात. पेशीत स्फुरद मुबलक असले की एसपीएक्स प्रथिने पीएचआरला अडकवून ठेवतात आणि ती जनुके मंद पडतात. त्यामुळे एकाच वाफ्यात डीएपी या स्फुरदयुक्त खताचा भरपूर डोस देऊन वर मायकोरायझाची भुकटी टाकणे म्हणजे बव्हंशी पैसे वाया घालवणेच होय. माती-परीक्षणात उपलब्ध स्फुरद किती निघाले, हे आधी पाहायला हवे. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी यांना तर स्फुरद कमी असतानाही ही भुकटी लागू पडत नाही. मोहरीच्या कुळाने उत्क्रांतीच्या ओघात ही भागीदारी सोडली आणि तिच्यासाठी लागणारी रॅम१सह अनेक जनुकेही गमावली.