मतांगीकार, शास्त्र आणि तारण (कोकण किनारा)

ख्रिस्ती माणसाचे तारण, म्हणजे पापापासून सुटका, चर्चने ठरवलेल्या मतांगीकाराने होते की त्याला पवित्र शास्त्र एवढेच पुरे, हा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना वाद आहे. कोकणात त्याला निराळे वजन आले, कारण इथे मतांगीकार आधी पोहोचला आणि मराठी बायबल त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी.

मतांगीकार म्हणजे श्रद्धेतील मुख्य गोष्टींचे, सर्वांनी मिळून म्हणायचे छोटे निवेदन. प्रेषितांचा मतांगीकार बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीच्या, प्रश्नोत्तरांतून घडत गेला. नायसियाचा मतांगीकार ३२५ मध्ये तिथे भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेने ठरवला. ख्रिस्त हा निर्माण केलेला आहे, हे आरियस या धर्मगुरूचे मत त्याने नाकारले. आजचे रूप ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडले जाते. तिसरा मतांगीकार आरियसचा विरोधक बिशप अथानासियस याच्या नावावर चालतो आणि तो सर्वांत कठोर आहे. ही श्रद्धा जो अखंड पाळणार नाही त्याचा नाश होईल, असे तो आरंभीच बजावतो.

शास्त्रपक्षाचा आधार बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सोळाव्या अध्यायात सापडतो. तारणासाठी काय करू, असे तुरुंगाचा अधिकारी कैदेत असलेल्या प्रेषित पौलाला विचारतो. प्रभू येशूवर विश्वास ठेव, एवढेच उत्तर त्याला मिळते. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता ल्यूथर याने पोप व धर्मसभांच्या वर शास्त्राला बसवले. उलट कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४६ मध्ये शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा यांना सारख्याच आदराने स्वीकारले. सुधारकांनी मतांगीकार टाकून दिले, हा समज मात्र खरा नाही. इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांनी तिन्ही मतांगीकार ठेवले. शास्त्रावरून ते सिद्ध होतात, एवढेच त्याचे कारण दिले. म्हणजे मतांगीकाराला स्वतःचा अधिकार आहे की तो शास्त्राकडून आलेला आहे, हा वादाचा खरा गाभा. शास्त्रपक्षाला एक प्रश्न कायम अडतो : शास्त्रात कोणते ग्रंथ धरायचे हे शास्त्र स्वतः सांगत नाही. कॅथलिक बायबलात ७३ ग्रंथ आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६.

कॅथलिक धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला. घंटा वाजवत तो मुलांना गोळा करी आणि त्यांच्याकडून मतांगीकार, प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा म्हणून घेई. १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेल्या वसईतही धर्म असाच मुखपाठाने रुजला. शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या घरात बायबल नव्हतेच. लोकभाषेतले बायबल वाचायला त्या काळी धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागे. ही उणीव थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ) जाणली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर इथे छापले गेले. जुन्या आणि नव्या करारातील कथा त्याने मराठी ओव्यांत सांगितल्या. ते भाषांतर नव्हे. पण ज्यांच्या हाती शास्त्र नव्हते, त्यांच्या कानी ते याच वाटेने पोहोचले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली, तरी सामवेदी आणि वाडवळ बोलणाऱ्या वाड्यांतली श्रद्धा टिकली. ग्रंथ हाती नसलेल्या या पिढ्यांचे तारण अपुरे ठरवणारा कोणताही सिद्धान्त प्रस्तुत नोंदकाराला मान्य होणारा नाही.

स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला उतरले आणि पुढे हर्णैलाही त्यांनी केंद्र केले. त्यांनी शाळा काढल्या, कारण ग्रंथ हाती द्यायचा तर आधी वाचता यायला हवे. अमेरिकन मिशनने मुंबईत नवा करार १८२६ मध्ये मराठीत आणला. संपूर्ण बायबल १८४७ मध्ये आले. हे स्कॉटिश पाळक स्वतः वेस्टमिन्स्टरच्या अंगीकारपत्राने, म्हणजे आपल्या चर्चच्या श्रद्धेच्या लेखी निवेदनाने, बांधलेले होते, आणि तारणाला लागणारे सर्व शास्त्रात आहे, हे त्या पत्राचे पहिलेच प्रकरण सांगते.

मराठीत हा वाद सर्वांत निर्भयपणे जगल्या त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही, जे आपल्याला बायबलात दिसत नाही ते केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मानायला त्यांनी नकार दिला. अथानासियसच्या मतांगीकारावरून त्यांचा तिथल्या मठातील धर्मभगिनींशी (नन) पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याला दिली. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे नारायण वामन टिळक वेगळ्याच टोकाला गेले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६५ मध्ये शास्त्र व परंपरा हा एकच ठेवा असल्याचे सांगितले. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीत आली. पुढे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईत रविवारी आता शास्त्रपाठ, प्रवचन आणि मतांगीकार एकामागोमाग मराठीतच होतात. प्रॉटेस्टंट बाजूला १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने शास्त्राला श्रद्धेचा सर्वोच्च निकष मानले आणि प्रेषितांचा व नायसियाचा मतांगीकार त्या श्रद्धेचे साक्षी व राखणदार म्हणून स्वीकारले. अथानासियसचा त्यात नाही.