सर्वांत मोठी मूळ संख्या: ‘सापडली’ म्हणजे नेमकी कधी?

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ठरली. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर ओळीने १३,६२,७९,८४१ एक येतात, मध्ये एकही शून्य नाही. अशा मर्सेन संख्येचा घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २०४७ ला २३ नं भाग जातो.

१६४४ साली मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं मूळ संख्या देणाऱ्या २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. तिच्यात दोन चुकीचे होते आणि तीन सुटले होते. १८७६ मध्ये हातानं तपासलेली ३९ अंकी संख्या आली, १९५२ पासून संगणक आले.

संगणकावरची कसोटी जुनीच. ३१ साठी, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ साठी, करून बघा. पायऱ्या घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन: ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, ३१ नं भागून बाकी ठेवा. ४, १४, ८, ०. तिसऱ्या पायरीला शून्य आलं, म्हणजे ३१ मूळ. नव्या संख्येसाठी अशा तेरा कोटींहून जास्त पायऱ्या लागतात.

वाद आहे तो ‘शोध’ या शब्दाचा. नोव्हेंबर १९६१ मध्ये एकाच फेरीत ४२५३ आणि ४४२३ हे दोन घातांक निघाले. छापील कागदांच्या गठ्ठ्यात नंतरचा निकाल वर होता, त्यामुळे माणसानं ४४२३ आधी वाचला. मग ४२५३ ची संख्या क्षणभर तरी सर्वांत मोठी होती का? यंत्रानं छापलं तेव्हा होती, माणसानं वाचलं तेव्हा नव्हती. हा शब्दच्छल नाही, कारण विक्रमांची यादी यावरच बदलते.

पुढे तेच पुन्हा घडलं. १२ एप्रिल २००९ ला यंत्रानं कळवलेली संख्या ४ जूनला लक्षात आली. १७ सप्टेंबर २०१५ ला तर २,२३,३८,६१८ अंकी संख्येचा निकाल अशा संख्या शोधणाऱ्या प्रकल्पाच्या सर्व्हरवर येऊन पडला, सूचनेचा ईमेल गेलाच नाही, आणि जवळपास चार महिने जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या कुणाच्याही नजरेस न पडता तिथं होती. अधिकृत तारीख धरली ती ७ जानेवारी २०१६, माणसानं पाहिल्याची. मला हा निर्णय पटत नाही. कसोटी यंत्रानं पूर्ण केली होती. माणसानं फक्त नोंद उघडली.

२०२४ मध्ये ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरनं ‘बहुधा मूळ’ एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओतल्या प्रोसेसरवर वरच्याच कसोटीत शून्य आलं, आणि तारीख लागली १२ ऑक्टोबर. शून्य आलं तो दिवस शोधाचा, हे योग्यच झालं. त्याच न्यायानं २०१५ च्या त्या संख्येपुढे १७ सप्टेंबर २०१५ लागायला हवं. नोंदीत ७ जानेवारीच आहे.