पार्श्वभूमी : हक्कांचा कागद आणि नागपूरची मैदाने

नागपुरातल्या वस्तीपातळीवरच्या एका फुटबॉल स्पर्धेचा प्रवेशअर्ज काही दिवसांपूर्वी माझ्या हाती आला. संघाचे नाव, व्यवस्थापकाचा मोबाइल क्रमांक, खेळाडूंच्या जन्मतारखा, आधारची झेरॉक्स, शाळेचे बोनाफाइड आणि सर्वांत खाली छापलेले वाक्य : 'खेळताना दुखापत झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' चौदा वर्षांखालच्या मुलामुलींच्या पालकांनी त्याखाली सही करायची. मुलाला कोणी मारले, मुलीशी कोणी गैर वागले, जातीवरून कोणी बोलले, तर कोणाकडे जायचे याचा एक शब्दही त्या पानावर नव्हता. याचा सगळा दोष त्या आयोजकांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. खेळ हा माणसाचा हक्क आहे ही भाषा जगात जवळपास पन्नास वर्षे बोलली जात आहे, आणि तरीही ती या एका पानापर्यंत आली नाही, यामागे मोठा इतिहास आहे.

आपल्याकडे हा प्रश्न 'मानवी हक्क' या शब्दांच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पालवणकर बाळू या चर्मकार समाजातल्या गोलंदाजाला हिंदू संघाने सामन्यासाठी घेतले, कारण त्याच्या फिरकीवाचून गोऱ्यांना हरवणे कठीण होते. पण चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. चेंडू टाकताना समान आणि पाणी पिताना वेगळा, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की पुढची सगळी धोरणे नेमकी कशासाठी लिहावी लागली ते उमगते. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी माणूसपणाचा दावा जाहीरपणे केला, त्या शहराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर पहिला ठळक दस्तऐवज १९७८ साली आला. युनेस्कोने त्या वर्षी शारीरिक शिक्षण व खेळ यांची सनद स्वीकारली आणि खेळणे हा सर्वांचा मूलभूत हक्क असल्याचे तिच्या पहिल्याच कलमात लिहिले. २०१५ मध्ये ती सनद नव्याने मांडली गेली. ऑलिम्पिक सनदेतही खेळ हा मानवी हक्क असल्याचे तत्त्व आहे. तरीही कित्येक वर्षे ही वाक्ये उद्घाटनाच्या भाषणांपुरतीच उरली. हालचाल सुरू झाली ती २०११ नंतर, जेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योगधंद्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांचे सूत्र सोपे होते : राज्याने संरक्षण करावे, संस्थांनी हक्कांचा आदर राखावा आणि ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मागण्याची वाट मिळावी. ही तत्त्वे तयार करणारे जॉन रगी यांनीच २०१६ मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेसाठी अहवाल लिहिला, २०१७ मध्ये फिफाचे मानवी हक्क धोरण आले, २०१८ मध्ये खेळ आणि मानवी हक्क यांसाठीचे स्वतंत्र केंद्र जिनिव्हात उभे राहिले आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही आपला आराखडा जाहीर केला.

या धोरणांचा जन्म कशातून झाला, हे इथे महत्त्वाचे आहे. कतारमधल्या विश्वचषकाच्या बांधकामावरील मजुरांचे हाल आणि ब्राझीलमध्ये स्पर्धांसाठी उठवलेल्या वस्त्या यांवरून जगभर टीका झाली, आणि त्या टीकेला उत्तर म्हणून धोरणे लिहिली गेली. त्यामुळे त्यांची सारी बांधणी मोठ्या स्पर्धा, मोठी स्टेडियम आणि मोठे कंत्राटदार यांना धरून झाली. रोज संध्याकाळी पाच वाजता शिट्टी वाजवणारे एखादे सर आणि त्यांच्यापुढे रांगेत उभी असलेली तीस पोरे या चित्रात नव्हतीच. माझ्या मते आजच्या अडचणीचे मूळ इथेच आहे.

भारतात त्यात आणखी एक गाठ आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'खेळ' हा विषय राज्यसूचीत येतो. केंद्र राष्ट्रीय महासंघांना नियम लावते, महासंघ राज्य संघटनांना सांगतात, राज्य संघटना जिल्ह्याला कळवतात, आणि मैदानावरचा क्लब बहुधा यांपैकी कोणाशीच रीतसर संलग्न नसतो. २०१० मध्ये महिला हॉकीतील तक्रारींनंतर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने लैंगिक छळ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही याच उतरंडीने खाली यायच्या होत्या. प्रत्येक पायरीवर कागद थोडा पातळ होत जातो.

कायदे मात्र या उतरंडीवर अवलंबून नाहीत, आणि ही गोष्ट पुरेशी कोणी सांगत नाही. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला; त्याच्या एकतिसाव्या कलमात खेळण्याचा हक्क आहे. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला लागू होतो, आणि अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हा त्यात गुन्हाच आहे. त्यामुळे 'सर चांगले आहेत, आपसात मिटवून टाकू' असे म्हणणारा पदाधिकारी स्वतः कायद्याच्या कचाट्यात येतो. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांची स्पष्ट नोंद आहे. तक्रार करणारी स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असावी अशीही अट नाही, आणि वयाचीही नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत, तिथली तक्रार जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे जाते. म्हणजे दोन प्रशिक्षकांच्या भरवशावर चालणाऱ्या एखाद्या क्लबातल्या मुलीलाही नागपुरात दाद मागायला कायदेशीर दार आहे. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते. मैदानावरच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना या समितीबद्दल मी जेव्हा जेव्हा विचारले, तेव्हा उत्तरादाखल दुसरा प्रश्नच आला : 'ते ऑफिस कुठे आहे जी?'

नागपूरचा स्वतःचा अनुभव मात्र उलट दिशेचा आहे, आणि म्हणूनच तो मोलाचा आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली, आणि त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची सुरुवात झाली. 'स्लम सॉकर' हे नाव त्यालाच मिळाले. पुढे या संस्थेचे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेले, आणि २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार तिला मिळाला. त्याच साली रगी यांचा अहवाल फिफाकडे गेला होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. धोरण अजून लिहिले जात असताना इथे पंधरा वर्षांचे काम उभे होते. शाळा सुटलेल्या, व्यसनाच्या तोंडावर उभ्या असलेल्या मुलांना कोणी आधी ओळखपत्र मागितले नव्हते. चेंडू पुढे टाकला होता.

कागद आणि मैदान यांतले अंतर किती दुखावणारे असू शकते, हे अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांच्या बाबतीत दिसले. त्या नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरीला होत्या. दिव्यांगांच्या खेळातील सहभागाची जबाबदारी शासनावर टाकणारा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला, आणि त्याच जुलैमध्ये बर्लिनच्या स्पर्धेत मंजूर झालेला निधी हातात न पडल्याने त्यांना परदेशात उसने पैसे घ्यावे लागले. तरीही त्यांनी तिथे रौप्यपदक मिळवले आणि वर्षअखेरीस मेक्सिकोत जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. पदकामुळे ती बातमी झाली. पदक न मिळवणाऱ्या खेळाडूंचे असे किती प्रसंग कोणाच्या कानावरही आले नसतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

जागेचा प्रश्नही हक्काचाच आहे. एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान आवश्यक आहे. शहर विकास आराखड्यात मैदानांसाठी आरक्षणे असतात, पण राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊन ते आरक्षण रद्द करवू शकतो. उरलेल्या मैदानांवर सोयी नसतात. सरावाला येणाऱ्या कितीतरी मुली घरून निघताना पाणी पीत नाहीत, कारण मैदानाजवळ स्वच्छतागृह नसते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसकडे सरकत असताना, उन्हाळी शिबिरात धावणारी बारा वर्षांची पोर मुद्दाम तहानलेली राहते. बाळूंच्या चहापासून पाण्याचा प्रश्न आपल्या मैदानांवरून हटलेलाच नाही.

२०२३ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन कुस्तीपटू दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा अनेक राष्ट्रीय महासंघांकडे नियमाप्रमाणे तक्रार समितीच नसल्याचे समोर आले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोटिसा पाठवल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचे धोरण, तक्रार निवारण आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. तो कायदाही प्रामुख्याने राष्ट्रीय संस्थांपासून सुरू होतो, आणि जिल्ह्यातल्या मैदानापर्यंत येण्यासाठी त्याला पुन्हा तीच उतरंड उतरायची आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या अर्जाची एक प्रत मी ओळखीच्या एका प्रशिक्षकाला दाखवली. त्यांनी ती उलटून घेतली आणि कोऱ्या बाजूवर निळ्या पेनाने मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक १०९८ लिहिला, खाली 'स्थानिक समिती, नागपूर जिल्हा' असे लिहून पत्त्यासाठी जागा मोकळी सोडली, आणि संघातल्या एका खेळाडूच्या आईला फोन करून विचारले, 'ताई, मुलींना काही सांगायचं असलं तर तुमचं नाव लिहू का?'